अनुभव धागा: 'गंडम'च्या पडद्यामागे, नाइलाजाच्या गोष्टी

'मोबाइल सूट गंडम' ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका ७ एप्रिल १९७९ ला नागोया टीव्हीवर सुरू झाली. वेळ शनिवारी संध्याकाळी साडेपाचची. ठरले होते ५२ भाग. खेळणी खपेनात आणि प्रेक्षकसंख्याही बेताची, म्हणून कात्री लागून ३९ करायचं ठरलं. मग थोडी मुदत वाढून २६ जानेवारी १९८० ला ४३ व्या भागावर मालिका आटोपली. हा तपशील बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर पुन्हा दळण नको.

धाग्याचा विषय असा: पडद्यावर दिसणारी एक गोष्ट घ्या आणि ती तशी का झाली ते सांगा. खेळणीवाल्याचा हट्ट, अपुरा वेळ, आजारपण, रंगांची मर्यादा, काहीही चालेल. मॉडेल बांधणाऱ्यांनी मापं आणि चुका लिहाव्यात. 'मी लहानपणी' छापाच्या आठवणी इथे नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू.

पेन्सिलकिस

मग गंडम या यंत्रमानवाच्या उंचीपासूनच सुरुवात करतो. १८ मीटर हा आकडा कथेतून आलेला नाही. मूळ कल्पना सैनिकाने अंगावर चढवायच्या यांत्रिक चिलखताची होती. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या एका कादंबरीच्या जपानी आवृत्तीत स्टुडिओ नुएच्या चित्रकारांनी असं चिलखत काढलं होतं. त्याच स्टुडिओचे केनइची मात्सुझाकी पुढे गंडमच्या लेखकांत होते. असं चिलखत माणसाहून फार तर हातभर उंच असणार. पण प्रायोजक होती क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी. त्यांच्याच पैशावर निप्पॉन सनराइझ या स्टुडिओने १९७७ मध्ये 'झांबोट ३' आणि १९७८ मध्ये 'दाइतार्न ३' केली होती. दोन्ही अवाढव्य यंत्रमानवांच्या. दुकानात खपतो तो अवाढव्य यंत्रमानव, चिलखत नाही. मग उंची वाढवली, आणि 'सूट' हा शब्द तेवढा मागे राहिला. अठरा मीटरच्या यंत्राला सूट का म्हणायचं हे कोडं तिथून आलं आहे.

रंगाचंही तेच. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना पांढरट, लष्करी यंत्र हवं होतं. खेळण्याच्या खोक्यावर लाल-निळा-पिवळा लागतो, म्हणून छाती निळी, पोट आणि पावलं लाल, कडेला पिवळं. हातपाय तेवढे पांढरे राहिले. यंत्ररचनाकार कुनिओ ओकावारा यांनी चेहऱ्यात सामुराईच्या शिरस्त्राणाची ठेवण आणली. ओकावारांना यंत्र कागदावर काढून भागत नाही. लाकडाचा नमुना स्वतः घडवून तो खेळणीवाल्यांसमोर ठेवायचा, ही त्यांची जुनी सवय. सांधा खरोखर वळतो हे हातात धरून दाखवलं की बैठक लवकर उरकते.

कोअर ब्लॉक

पेन्सिलकिस यांच्या मुद्द्याला जोडून. जोडाजोडीचा यंत्रमानव ही सुद्धा खेळण्याचीच अट. गंडमचे तीन तुकडे होतात: वरचं धड, खालचे पाय आणि मध्ये एक लहान विमान. विमानाचे पंख मिटतात, नाक वळतं आणि त्याचा ठोकळा होऊन तो पोटात बसतो. वैमानिकाची खोली म्हणजे हेच विमान.

खेळण्यात ही गंमत दोन मिनिटांची असते. कथेत मात्र तिला तीन कामं दिली. एक, जीव वाचवायची वाट: यंत्र गेलं तरी विमान सुटतं. दोन, लढाईत यंत्राचा संगणक जे शिकला ती माहिती विमानासोबत परत येते. तीन, गनकॅनन आणि गनटँक या नायकाच्याच बाजूच्या यंत्रांच्या पोटातही तोच ठोकळा बसतो, म्हणजे सुट्या भागांचा हिशोब लष्करी वाटतो. आणि शेवटच्या भागात गंडमचा वैमानिक आमुरो जळत्या किल्ल्यातून बाहेर पडतो तो याच विमानातून. मालिकाभर जोडणीचे तेच ते कट दाखवून प्रेक्षकाला त्या ठोकळ्याची सवय लावलेली असते, म्हणून शेवटी तो अचानक उपटल्यासारखा वाटत नाही.

सगळंच मात्र असं पचलं नाही. जी-आर्मर नावाचं जाडजूड जोडविमान मध्येच आलं, गंडम त्याच्या पोटात बसतो आणि त्याचे अर्धे भाग दुसरीकडे चिकटतात. तेही खेळण्यासाठीच. १९८१-८२ च्या तीन चित्रपटांत तोमिनोंनी ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी कोअर बूस्टर नावाचं साधं लढाऊ विमान घातलं. म्हणून मालिका पाहून मग चित्रपट पाहणारे 'ते धूड कुठे गेलं' असं विचारतात.

एकाक्ष

सगळे गंडमवरच घसरले. झाकूचं काय? शत्रूची यंत्रं मुळात कुणी विकणार नव्हतं, क्लोव्हरचा भर नायकाच्या बाजूवर होता. त्यामुळे ओकावारांना झाकूवर कुणी बोट ठेवलं नाही आणि त्यांचं सगळ्यात चांगलं काम तिथेच झालं, असं माझं मत. गॅसमास्कसारख्या नळ्या, एका खांद्यावर ढाल, दुसऱ्यावर काटे, आणि डोळा एकच.

त्या डोळ्याकडे चित्रकाराच्या नजरेने बघा. काळी आडवी खाच आणि तिच्यात सरकणारा एक गुलाबी ठिपका. चेहऱ्याचा सेल (चित्र काढलेला पारदर्शक पत्रा) तोच ठेवायचा, ठिपक्याचा सेल तेवढा डावीकडून उजवीकडे सरकवायचा. चार-पाच चित्रांत यंत्र 'बघतंय', 'ओळखतंय', 'दचकलंय' असं सगळं कळतं. गंडमच्या दोन डोळ्यांच्या चेहऱ्याला हे जमत नाही. तो नुसता ठाम बघत राहतो.

पुढेपुढे दर आठवड्याला शत्रूचं नवं यंत्र हवं अशी मागणी आली. वेळ नसल्याने बऱ्याच यंत्रांची कच्ची रेखाटनं तोमिनो स्वतःच करत आणि ओकावारा ती घोटून पक्की करत. गोग, झ'गोक, झिओंग हे त्यातले. म्हणून त्यांच्या आकारात एक विचित्रपणा आहे, खेकड्या-बेडकांचा. शेवटच्या झिओंगला तर पायच नाहीत. कथेत कारण असं दिलं आहे की यंत्र ८० टक्केच तयार झालंय. त्यावर तिथला तंत्रज्ञ बेधडक सांगतो की पाय हे निव्वळ शोभेचे, वरच्या साहेबांना ते कळत नाही. ज्या मालिकेला खेळणीवाल्यांनी पायांचा आणि जोडणीचा हिशोब मागितला, तिथे हे वाक्य ऐकताना मजा येते.

पेन्सिलकिस

+१. आणि शेवटी प्लास्टिक किटमध्ये झाकूनेच भाव खाल्ला.

सेलोफेन

चित्रीकरणाच्या बाजूने लिहितो. चित्रफीत सेकंदाला २४ फ्रेम. त्या काळच्या जपानी टीव्ही मालिकांत एक चित्र सहसा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. तेवढीही दर भागाला नव्याने काढणं परवडत नाही, म्हणून 'बँक': जोडणी, जहाजातून उड्डाण, बंदूक रोखणं, झाकूचा स्फोट. एकदा नीट काढून ठेवायचं आणि पार्श्वभूमी बदलून पुन्हा वापरायचं.

बँकेच्या कटात हमखास होणाऱ्या दोन चुका. पहिली: आधीच्या दृश्यात ढाल तुटली आणि पुढच्या बँक कटात ती शाबूत. दुसरी दिशेची. गंडमची बंदूक उजव्या हातात, ढाल डाव्या. उजवीकडे जाणारा कट डावीकडे हवा असेल तर सेल उलटून ठेवावासा वाटतो, पण मग ढाल हात बदलते. शिवाय सेलवर रेघ पुढच्या बाजूला असते आणि रंग मागच्या बाजूने भरलेला असतो. उलटला की ब्रशचे फराटे आणि रंगाचे थर कॅमेऱ्यासमोर येतात. झाकूसारखं एका खांद्याला ढाल आणि दुसऱ्याला काटे असलेलं यंत्र उलटणं तर अशक्यच. एकाक्ष, तुमचा लाडका झाकू इथे मात्र महाग पडतो.

प्रकाशतलवारीसारख्या झगझगीत गोष्टींसाठी त्या काळी वापरत ते तंत्रही सांगून ठेवतो. आधी साधं चित्र टिपायचं. मग फीत तेवढीच मागे घ्यायची. काळ्या कागदात तलवारीच्या आकाराची फट कापायची, खालून दिवा लावायचा, फटीवर रंगीत जिलेटिन आणि लेन्ससमोर किंचित धूसर फिल्टर, आणि त्याच फितीवर पुन्हा टिपायचं. फट जिथे असेल तिथे फिल्म जास्त प्रकाश खाते आणि कडा फुटून चकाकते. बिघडतं कुठे? फीत एका फ्रेमने जरी कमी-जास्त मागे गेली तर तलवार मुठीपासून सुटलेली दिसते. मास्कला टाचणीएवढं भोक राहिलं तर आकाशात नको तिथे तारा उगवतो. अवकाशयुद्धात तो खपून जातो म्हणा.

चौकट

१५ व्या भागाबद्दल कुणीतरी लिहाच. कुकुरुस दोआनचं बेट. त्यातला झाकू असा हडकुळा आणि लांब नाकाचा का?

सेलोफेन

काम बाहेर दिलं होतं आणि परत आल्यावर दुरुस्तीला वेळ नव्हता. मालिकेचे पात्ररचनाकार योशिकाझू यासुहिको हेच चित्रदिग्दर्शक होते. चित्रदिग्दर्शकाचं काम म्हणजे वेगवेगळ्या हातांनी काढलेली मूळ चित्रं एकामागून एक घेऊन चेहरे आणि प्रमाणं एकसारखी करणं. हा माणूस ज्या भागावर बसला नाही तो भाग लगेच ओळखू येतो. अमेरिकेत मालिका गेली तेव्हा तोमिनोंच्या इच्छेवरून हा भाग वगळला. यासुहिकोंनी मात्र २०२२ मध्ये त्याच भागावर आख्खा चित्रपट केला, आणि त्यात दोआनचा झाकू मुद्दाम तसाच लांब नाकाचा ठेवला. चूक होती ती ओळख झाली.

मालिकेच्या उत्तरार्धात यासुहिको आजारी पडून रुग्णालयात गेले. शेवटचे भाग पाहताना हे डोक्यात ठेवा. एकच पात्र दोन कटांत दोन वयांचं दिसतं ते त्यामुळे. हालचालींची बाजू मात्र तरुण चित्रकारांनी सावरली. त्यांत इचिरो इतानो होते, ज्यांचं नाव पुढे सापासारख्या वळणाऱ्या क्षेपणास्त्रांशी कायमचं जोडलं गेलं. तिसऱ्या चित्रपटासाठी (१३ मार्च १९८२) बरे झालेल्या यासुहिकोंनी बराच मोठा भाग नव्याने काढला. तुलना करायची असेल तर मालिकेतले शेवटचे चार-पाच भाग आणि तो चित्रपट शेजारी शेजारी लावा. सेला आणि मिराई या पात्रांचे केस बघा. डोळे-नाक कुणीही नक्कल करतो, केसांचं वजन यासुहिकोंनाच जमतं.

कानसेन

आवाजाचं थोडक्यात. चित्र आधी, आवाज नंतर, ही जपानी पद्धत. पण चित्र वेळेत होत नाही तेव्हा कलाकारांसमोर नुसत्या रेघा चालतात आणि कोणाचं वाक्य ते रंगीत खुणांनी दाखवतात. खूण आहे तेवढा वेळ बोलायचं. त्यामुळे काही ठिकाणी ओठ आधी मिटतात.

आमुरोचा प्रतिस्पर्धी शार, त्याला आवाज देणारे शूइची इकेदा आधी आमुरोच्या भूमिकेसाठी चाचणीला आले होते, शारचं चित्र बघून त्यांनी हाच करतो म्हटलं. शारचं आडनाव अझ्नाबल, ते फ्रेंच गायक शार्ल आझ्नावूर यांच्यावरून. शीर्षकगीताचे गीतकार म्हणून 'इओगी रिन' नाव दिसतं, ते तोमिनोच. इओगी हा टोकियोतला सनराइझच्या शेजारचा भाग. आणि मूळ कल्पनेसाठी 'हाजिमे याताते' असं नाव येतं, तो कुणी एक माणूस नाही, सनराइझचं सामूहिक टोपणनाव आहे. याताते म्हणजे कमरेला लावायची शाई-कुंचल्याची दाणी, जुन्या प्रवाशांची.

चौकट

मालिकेतल्या लाला सून या पात्राबद्दल एकच. सावळा रंग आणि कपाळावर लाल टिकली, एवढ्यावरून ती भारतीय वळणाची आहे हे कळतं. बोलणं-नेसणं मात्र कुठल्याच प्रांताचं नाही. १९७९ च्या जपानी चित्रकारासाठी भारत म्हणजे टिकली आणि गूढपणा, त्यापलीकडे फार काही नसावं. पात्र तरीही जबरदस्त. केइको हान यांचा आवाज ऐका.

काचपेपर

आता किटवर येतो. बंदाई या खेळणी कंपनीने पहिलं किट काढलं जुलै १९८० मध्ये, म्हणजे मालिका संपून सहा महिने झाल्यावर. १/१४४ प्रमाण, किंमत ३०० येन. १/१०० वाल्याची ७००. १८ मीटरला १४४ ने भागलं की १२.५ सेंटिमीटर. महत्त्वाची गोष्ट उंची नाही, प्रमाण आहे. झाकू १७.५ मीटरचा, म्हणजे १२.१५ सेंटिमीटर. दोघं शेजारी उभे केले की फरक पडद्यावर दिसतो तसाच दिसतो. आधीच्या खेळण्यांत खोकं ठरवायचे आणि त्यात मावेल तेवढा यंत्रमानव करायचे. मग युद्धनौका आणि माणूस एकाच मापाचे. जहाजांसाठी १/१२०० असं वेगळं प्रमाण धरलं.

१९८० चं हे किट अजूनही नव्याने तयार होऊन मिळतं, आणि आजच्या किटवर हात बसलेल्यांची त्याच्यापुढे फजिती होते. ते दाबून बसत नाही, चिकटवावं लागतं. सगळे भाग जवळजवळ एकाच रंगात, रंगकाम आपलं. हातपाय दोन अर्ध्यांचे, मोदकाच्या साच्यासारखे, म्हणजे प्रत्येक पायाच्या मधोमध सांधा दिसणार.

क्रम असा ठेवा. सांगाड्यातून भाग कापताना निपरने दोनदा कापा: आधी २-३ मिलिमीटर शेपूट ठेवून, मग शेपूट सपाट. एकदम भागालगत कापलं तर प्लास्टिक ओढलं जाऊन पांढरा डाग पडतो, आणि तो काचपेपरने जात नाही. दोन्ही अर्ध्यांच्या कडांना चिकटद्रव सढळ लावा, अर्धं मिनिट थांबा, मग दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक मण्यांची ओळ वर आली पाहिजे. ती पुसू नका, तीच भर आहे. आता २४ तास हात लावायचा नाही. घाईत घासलं तर त्या दिवशी गुळगुळीत दिसतं आणि आठवड्याने रंगाखाली खाच पडते, कारण आतला द्रव उशिरा उडतो आणि प्लास्टिक आक्रसतं. मग ४००, ६००, ८००, १००० नंबरच्या काचपेपरने क्रमाने घासा. ४०० नंतर राखाडी प्रायमरचा पातळ हात मारून बघा, राहिलेली खाच तेव्हाच दिसते.

सगळ्यात मोठा घोळ सांध्यांत होतो. आजच्यासारखे मऊ पॉलिकॅप (सांध्यात बसणाऱ्या लवचिक टोप्या) यात नाहीत. प्लास्टिकची खुंटी प्लास्टिकच्याच भोकात फिरते. खुंटीजवळ द्रवाचा एक थेंब गेला की खांदा कायमचा गोठला. उपाय: खुंटीला आधी वॅसलीनचा अगदी पुसट हात द्या, आणि भोकाच्या आजूबाजूची ४-५ मिलिमीटर कड कोरडी सोडा. नंतर वॅसलीन साबणाच्या कोमट पाण्याने पूर्ण काढा, नाहीतर रंग सुटून येतो. खुंटी ढिली वाटली तर तिच्यावर पातळ सुपरग्लूचा एक थर, तोही पूर्ण सुकवून मगच आत.

मुंबई-कोकणातल्यांसाठी वेगळं: जून ते सप्टेंबर लॅकरचा मॅट क्लिअर स्प्रे शक्यतो मारू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि गडद निळ्या छातीवर दुधाळ झाक येते. आलीच तर पुसू नका. कोरडा दिवस बघून त्याच जातीच्या क्लिअरचा एक ओला, पातळ हात दिला की बरेचदा झाक विरघळते. पावसाळ्यात ब्रशने पाण्यावरचे अ‍ॅक्रिलिक जास्त भरवशाचे.

फुटपट्टी

आकडेमोड. गंडमचं अधिकृत वजन रिकामं ४३.४ टन, सगळं भरून ६० टन. माणूस १.८ मीटर आणि ७० किलो धरा. उंची दहापट केली की आकारमान हजारपट, म्हणजे वजन ७० टन. गंडम त्याहून हलका! आणि माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो. थोडक्यात, हे धातूचं यंत्र पाण्यात बुडायलाच नको. मालिकेत मात्र ते पाण्याखाली गोगशी झटापट करतं.

हातपाय कशाला, याचं उत्तर नंतर शोधलं गेलं. सप्टेंबर १९८१ च्या 'गंडम सेंच्युरी' या विशेष अंकाने अनेक तांत्रिक खुलासे केले. त्यातला सगळ्यात डोकेबाज असा: अवकाशात हातपाय झटकले की धड उलट्या दिशेने वळतं, इंधन न जाळता. कोनीय संवेग टिकतो, एवढंच. पडणारी मांजर हेच करते. खेळण्याला पाय हवेत म्हणून दिले, आणि भौतिकशास्त्राने ते मागाहून मान्य केले.

एकाक्ष

मग खऱ्याखुऱ्या मापाचे पुतळे?

फुटपट्टी

टोकियोतल्या ओदाइबाचा २००९ चा, १८ मीटर, पोलादी सांगाड्यावर फायबरचं कवच, सुमारे ३५ टन. तो उभा होता, चालत नव्हता. योकोहामाचा हलणारा डिसेंबर २०२० ते मार्च २०२४ या काळात होता. उंची तीच, वजन मात्र सुमारे २५ टन. पाय उचलायचा, गुडघा टेकायचा. पण त्याच्या कमरेमागे लोखंडी गाडा होता आणि सगळा भार त्या गाड्यावर. तळपायावर काहीच नाही. फोटो काढताना लोक तो गाडा चौकटीबाहेर ठेवायचे. झिओंगच्या तंत्रज्ञाने ते बघून मान डोलावली असती.

चौकट

काचपेपर, एक राहिलं. शारच्या झाकूचा लाल नेमका कोणता? बाटलीतला लाल मारला तर अग्निशमन दलाची गाडी दिसते.

काचपेपर

तो लाल नाहीच. डोकं, दंड, मांड्या फिकट, जवळजवळ गुलाबी. छाती आणि पावलं गडद, जांभळटाकडे झुकणारी. फिकटासाठी पांढरा ५ थेंब, लाल ३, केशरी १. गडदासाठी लाल ५, तपकिरी २, निळा टाचणीच्या टोकाएवढा. आधी पांढरा प्रायमर. राखाडीवर मारलात तर गुलाबी मळकट होतो आणि मग माणूस थरावर थर चढवत बसतो. मिश्रण दुप्पट करून ठेवा, डावा दंड रंगवताना हमखास संपतं.